लोहगावला हस्ताच्या पावसात: एक सोडून दिलेले आणि एक पूर्ण केलेले लँडिंग

हे प्रकरण माझ्या स्वतःच्या एका उड्डाणाचे आहे. विमान कंपनीचे नाव, नेमकी तारीख आणि सहकाऱ्याची ओळख मी मुद्दाम देत नाही, कारण जे चुकले ते कंपनीचे किंवा सहकाऱ्याचे नव्हते, माझे होते. दिल्लीहून पुण्याला येणारे एअरबस ए-३२० जातीचे विमान, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली संध्याकाळ, आणि हस्त नक्षत्राचा परतीचा पाऊस. उतरताना वजन साधारण ६२ टन होणार होते. कंपनीच्या नियमानुसार अशा हवामानात लँडिंग कॅप्टननेच करायचे असते, त्यामुळे विमान माझ्या हातात होते. शेजारी बसलेला फर्स्ट ऑफिसर सातारचा, वयाने माझ्या मुलाएवढा, मोजके बोलणारा.

पुण्याच्या वाऱ्याविषयी एक गोष्ट आधी सांगायला हवी. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. तिच्या दोन टोकांना १० आणि २८ असे क्रमांक आहेत, म्हणजे पूर्वेकडून येऊन उतरणाऱ्या विमानाचे नाक साधारण २८० अंशांकडे असते. जून ते ऑगस्ट या काळात नैऋत्य मोसमी वारा पुण्यात बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे ऐन पावसाळ्यात तो २८ वर उतरणाऱ्या विमानाला बराचसा समोरून मिळतो. हा वारा मदतीचा असतो. आडवा वारा सतावतो तो वळिवात आणि परतीच्या पावसात, कारण तेव्हा वाऱ्याची दिशा ऋतू ठरवत नाही, जवळ उभा असलेला एखादा गडगडाटी ढग ठरवतो. अशा ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चारही बाजूंना पसरते आणि तिचा झोत पंधरा-वीस किलोमीटर दूरही पोचतो. त्या संध्याकाळी असा ढग हडपसर आणि दिवे घाटाच्या वर उभा होता, म्हणजे धावपट्टीच्या बरोबर दक्षिणेला. त्याच्यातून निघालेला वारा आमच्या पट्टीवर काटकोनात येणार हे रडारच्या पडद्यावर पाहूनही कळत होते.

लोहगाव हे हवाई दलाचे तळ आहे आणि तिथले हवाई नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे. नियंत्रकाने पहिल्यांदा दिलेला वारा २२० अंशांवरून १८ नॉट, झोत २८ नॉटपर्यंत असा होता (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). धावपट्टीविषयी ‘रनवे वेट’ एवढेच दोन शब्द मिळाले. धावपट्टीची दिशा आणि वाऱ्याची दिशा यांत ६० अंशांचा कोन असल्याने आडवा घटक झोतांसह २४ नॉट होत होता आणि समोरचा घटक सरासरी ९ नॉट. कंपनीने ओल्या पट्टीसाठी घालून दिलेली मर्यादा झोतांसह ३० नॉट होती. हिशेबात आम्ही आरामात बसत होतो.

आडव्या वाऱ्याची मर्यादा हा एकच आकडा नसतो हे प्रवाशांना ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर वैमानिकही घाईत ते विसरतो. धावपट्टीच्या स्थितीला ० ते ६ असा गुणांक देण्याची जागतिक पद्धत नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाली आहे. कोरड्या पट्टीला ६ आणि नुसत्या ओल्या पट्टीला, म्हणजे पाण्याचा थर ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर, ५. तोच थर ३ मिलिमीटरच्या वर गेला की गुणांक ४ वर किंवा ३ वर थांबत नाही, सरळ २ वर येतो. ए-३२० साठी निर्मात्याने सुचवलेली आडव्या वाऱ्याची कमाल मर्यादा ५ गुणांकाला झोतांसह ३८ नॉट आहे, २ गुणांकाला २० नॉट. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेमतेम तेवढी जाडी होते, आणि तेवढ्या पाण्याने ही मर्यादा निम्म्याच्या जवळ येते. धावपट्टीवर पाणी किती साचले आहे हे कोणीतरी गाडी घेऊन पाहिलेले असते. ते पाहिल्यानंतर हस्ताच्या पावसाने दहा मिनिटे घागरी रित्या केल्या असतील तर ‘रनवे वेट’ हे शब्द शिळे झालेले असतात.

चाके पाण्यावर का तरंगतात याचा हिशेब नासातल्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात मांडला आणि तो आजही प्रशिक्षणात शिकवतात. टायरमधल्या हवेचा दाब पाउंड प्रति चौरस इंचात घ्यायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि ९ ने गुणायचे. येईल तेवढ्या नॉटच्या वर फिरते चाक साचलेल्या पाण्याला बाजूला सारू शकत नाही. ए-३२० च्या मुख्य चाकांत दाब साधारण २०० असतो, त्याचे वर्गमूळ १४ च्या किंचित वर, म्हणजे वेग १२७ नॉट येतो. पण विमान टेकते त्या क्षणी चाक फिरत नसते, आणि न फिरणाऱ्या चाकासाठी गुणक ९ ऐवजी ७.७ घ्यावा लागतो, म्हणजे १०९ नॉटच्या वर ते पाण्यावर तसेच न फिरता घसरत राहू शकते. आमचा टेकण्याचा वेग १३८ नॉटच्या आसपास असणार होता. यात पुण्याच्या उंचीचीही भर पडते. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फूट उंच आहे. हवा विरळ असल्यामुळे वेगमापकावर तोच आकडा दिसत असताना विमान जमिनीवरून मुंबईपेक्षा अंदाजे तीन टक्के जास्त वेगाने धावते आणि ब्रेकना सहा टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते.

पहिला प्रयत्न

वाघोलीच्या पलीकडून आम्ही अंतिम रेषेवर आलो. हजार फुटांवर सगळे जागच्या जागी होते: चाके खाली, फ्लॅप पूर्ण, वेग १३७ नॉट, उतार योग्य. वारा डावीकडून असल्यामुळे विमानाचे नाक पट्टीच्या रेषेपासून डावीकडे वळलेले होते, त्यामुळे धावपट्टीचे दिवे काचेच्या मध्यभागी न दिसता उजव्या बाजूला दिसत होते. आडव्या वाऱ्यात विमान असे खेकड्यासारखे तिरपे चालवावे लागते आणि टेकण्याच्या क्षणी पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, दाबून नाक सरळ करावे लागते. नाक सरळ होताच वाऱ्याकडचा पंख वर उचलू पाहतो, म्हणून तो हाताने दाबून ठेवावा लागतो. परिणामी वाऱ्याकडचे चाक आधी टेकते आणि दुसरे मागाहून.

तीनशे फुटांवर पावसाचा पडदा लागला. वायपर पूर्ण वेगावर होते. पात्याची एक फेरी झाली की अर्धा क्षण दिवे स्पष्ट दिसत, आणि लगेच काचेवर पुन्हा पाणी चढे. नियंत्रकाने नवा वारा सांगितला: २०० अंश, २० नॉट, झोत ३०. फर्स्ट ऑफिसर म्हणाला, “सर, आडवा साडेएकोणतीस.” मर्यादा ३० ची होती. “आत आहे,” मी म्हणालो. या दोन शब्दांवर मी पुढे बराच विचार केला आहे. आकडा आत होता हे खरे, पण समोरचा वारा ९ वरून साडेतीन नॉटवर आला होता आणि वारा कोणत्या दिशेला सरकतो आहे हे स्पष्ट दिसत होते. नियंत्रक सांगतो तो वारा दोन मिनिटांच्या सरासरीचा असतो. विमानाला प्रत्यक्ष लागतो तो त्या क्षणाचा.

पट्टीच्या सुरुवातीवरून आम्ही ५० फुटांवर गेलो तेव्हा वारा १८० अंशांवर सरकलेला होता, म्हणजे आता चार नॉट पाठीमागून. हे मला तेव्हा कळले नव्हते, नंतर विमानाच्या नोंदींतून कळले. मी नाक उचलले, थ्रस्ट लिव्हर मागे घेतले आणि उजव्या पायाने रडर दाबायला लागलो, तोच डावा पंख एका झोताने वर उचलला गेला. तो मी खाली आणला. पुन्हा नाक थोडे डावीकडे गेले. ते सरळ केले. प्रत्येक दुरुस्ती बरोबर होती आणि प्रत्येक दुरुस्तीसाठी मी विमान थोडे आणखी वर धरून ठेवत होतो, कारण वाकडे टेकू नये, एका चाकावर आदळू नये असे मनात होते. तिरपेपणा पूर्ण गेला की मग अलगद टेकवू, असा माझा विचार चालला होता. त्या वेगाने विमान दर सेकंदाला ७२ मीटर पट्टी मागे टाकत होते.

“गो-अराउंड,” फर्स्ट ऑफिसर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण या वेळी त्याने ‘सर’ लावले नव्हते.

गो-अराउंड म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे. हा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारला तरी त्यावर चर्चा करायची नाही असा नियम आहे. मी लिव्हर पूर्ण पुढे ढकलले. इंजिनांना पुरती ताकद धरायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात नाक घाईने वर ओढायचे नसते, कारण शेपूट घासू शकते. विमान पट्टीवर दहा फुटांवरून तसेच सरळ गेले आणि मग चढू लागले. रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे थांबण्यासाठी इंजिनांचा उलटा जोर, अजून ओढलेला नव्हता म्हणूनच हे शक्य होते. तो एकदा ओढला की परत उडायचे नाही, थांबायचेच, हा तितकाच कडक नियम आहे.

चारशे मीटरांचा हिशेब

नोंदी पाहिल्यावर दिसले की तो शब्द आला तेव्हा आम्ही पट्टीच्या सुरुवातीपासून ७९० मीटर आत होतो. एरवी विमान ४०० ते ५०० मीटरवर टेकते. मी आणखी दीड-दोन सेकंद घेतले असते तर ९०० मीटरवर टेकलो असतो. लोहगावची पट्टी सुमारे २,५३५ मीटर लांब आहे. म्हणजे पुढे १,६३५ मीटर उरले असते, आणि कागदावर ते पुरेसे वाटतात.

टेकताना जमिनीवरचा वेग १३८ नॉट धरला तर तो सेकंदाला ७१ मीटर होतो. ऑटोब्रेक ‘मीडियम’वर लावला की तो दर सेकंदाला वेग ३ मीटर प्रति सेकंदाने कमी करू पाहतो, आणि तसे झाले तर ८४० मीटरांत विमान थांबते. पण ऑटोब्रेक घर्षण मागू शकतो, निर्माण करू शकत नाही. साचलेल्या पाण्यावर तेवढी पकड नसते. मंदन दीडच मिळाले तर थांबायला १,६८० मीटर लागतात, आणि टेकल्यापासून स्पॉयलर, म्हणजे पंखांवरच्या उचल मोडणाऱ्या फळ्या, उघडून ब्रेक लागेपर्यंतची दोन सेकंदे धरली तर १,८२० च्या वर. पाचशे मीटरवर टेकलेले विमान याही स्थितीत पट्टीच्या आत दोनशे मीटर राखून थांबते. नऊशेवर टेकलेले विमान थांबत नाही. विमान तेच, पाणी तेच, वैमानिकही तोच. फरक मी सरळ करण्यात घालवलेल्या पाच-सहा सेकंदांचा.

आडवा वारा आणि निसरडी पट्टी ही दोन संकटे आपण तपासणीच्या यादीत दोन वेगळ्या ओळींत लिहितो आणि दोन्हींपुढे वेगवेगळी खूण करतो. प्रत्यक्षात एकावरचा उपाय दुसऱ्याला पोसतो. आडवा वारा वैमानिकाला सांगतो की वेग थोडा जास्त ठेव, एक पंख खाली ठेव, सरळ होईपर्यंत धरून ठेव. निसरड्या पट्टीला याच्या बरोबर उलट हवे असते: वेग नेमका, दोन्ही चाके लवकर, आणि विमान ठामपणे टेकलेले, म्हणजे चाके पाण्याचा थर फोडून खालच्या पृष्ठभागाला भिडतात, फिरू लागतात आणि त्यांच्यावर भार आल्याचे विमानाच्या यंत्रणेला कळते. या दोघांत एकाचे ऐकावे लागते, आणि ओल्या पट्टीवर ते पट्टीचे ऐकावे. दोन-चार अंश तिरपे टेकले तरी विमान स्वतःहून रेषेवर येते. मागे सोडलेली पट्टी मात्र परत मिळत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १४ सप्टेंबर १९९३ चे वॉर्साचे आहे. लुफ्तान्साचे ए-३२० फ्रँकफर्टहून आले होते, विमानात ७० जण होते, पट्टी २,८०० मीटर लांब, पाऊस पडत होता. वाऱ्याच्या अचानक बदलाची सूचना मिळाल्यामुळे वैमानिकांनी वेग २० नॉट वाढवलेला होता आणि उजवीकडच्या वाऱ्यासाठी उजवा पंख खाली धरला होता. शिकवल्याबरहुकूम सगळे. पण तोवर वारा फिरून पाठीमागून लागत होता. उजवे चाक ७७० मीटरवर अलगद टेकले आणि डावे तब्बल १,५२५ मीटरवर. त्या काळच्या रचनेत चाकांच्या दोन्ही पायांवर भार आल्याशिवाय रिव्हर्स थ्रस्ट लागत नसे. स्पॉयलरही तोवर उघडले नाहीत, कारण त्यासाठीचा दुसरा मार्ग चाके ७२ नॉटच्या वेगाने फिरण्याचा होता आणि ती पाण्यावर तरंगत असल्याने फिरत नव्हती. डावा पाय टेकेपर्यंत निम्म्याहून अधिक पट्टी गेली होती. विमान पट्टी ओलांडून मातीच्या बांधावर आदळले आणि दोघे मृत्युमुखी पडले. हळुवार टेकणे हा इथे अपघाताच्या कारणांपैकी एक दुवा होता.

आपल्याकडची कोझिकोडची दुर्घटना अधिक परिचित आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले बोइंग ७३७ तिथे पहिला प्रयत्न सोडून देऊन विरुद्ध दिशेने, पाठीमागच्या वाऱ्यात उतरले, आणि ८,८५८ फुटांच्या ओल्या पट्टीवर ४,४३८ फूट आत जाऊन टेकले. २१ जण गेले. त्या प्रकरणात इतर कारणेही होती, पण निम्मी पट्टी हवेत गेल्यावर उरलेल्या निम्म्या पट्टीवर सगळा भार पडला हे मूळ तिथेही दिसते.

वीस मिनिटे

गो-अराउंडनंतर आम्ही उजवीकडे, आळंदी-चाकणच्या बाजूला वळलो, कारण डावीकडे ढग होता. आता घड्याळ आणि इंधन यांचे गणित होते. टाकीत ४.६ टन इंधन होते. मुंबईतही पाऊस आणि रांग होती, म्हणून पर्यायी विमानतळ हैदराबाद ठरवला होता, आणि तिथे पोचून अर्ध्या तासाचा राखीव साठा उरण्यासाठी ३.४ टन लागणार होते. मधले १.२ टन आमचे. घिरट्या घालताना ए-३२० तासाला साधारण २.४ टन जाळते. म्हणजे वीस मिनिटे थांबलो तर ०.८ जाणार, खाली येण्यात आणखी ०.३, आणि पट्टीपाशी ३.५ उरणार.

“एकदाच बघता येईल, सर. नाही जमलं तर तिथूनच हैदराबाद,” फर्स्ट ऑफिसर म्हणाला.

“एकदाच. आणि या वेळी जागा ठरवून जाऊ. ती गेली की तू बोल, मी कुठल्याही अवस्थेत असलो तरी.”

लगेच पुन्हा प्रयत्न करण्याचा मोह मोठा असतो. केबिनमधून विचारणा होत असते, मागे विमाने रांगेत असतात, आणि सोडून दिलेले लँडिंग वैमानिकाला डाचत असते. पण ढग सरकायला लागणारा वेळ आमच्या हातात होता, तो वापरला नसता तर तेच लँडिंग त्याच वाऱ्यात पुन्हा करायला निघालो असतो. शिवाय लोहगावला ही एकच पट्टी आहे, आणि ती प्रवासी विमाने आणि लढाऊ विमाने दोघांचीही. तिच्यावर एखादे विमान अडकले तर पुण्याची हवाई वाहतूकच थांबते. दुरुस्तीसाठी ती ऑक्टोबर २०२१ मध्ये चौदा दिवस बंद होती तेव्हा पुणेकरांनी ते अनुभवले आहे.

थांबलेल्या वेळात आम्ही टेकल्यानंतरच्या धावेची उजळणी केली, कारण तिथेही एक सापळा आहे. निसरड्या पट्टीवर विमान वाऱ्याकडे नाक वळवू लागले आणि रिव्हर्स थ्रस्ट पूर्ण असेल, तर तो जोर विमानाला केवळ मागे न खेचता वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या पट्टीच्या कडेकडेही ढकलतो. तेव्हा मन म्हणते आणखी ब्रेक दाब, आणि करायचे असते उलट: रिव्हर्स कमी करायचा, ब्रेक सैल सोडायचे, रडरने नाक सरळ करून मध्यरेषेवर यायचे, आणि मग पुन्हा दोन्ही लावायचे. लांब पट्टी याचसाठी हवी असते. नऊशे मीटरवर टेकलेल्या माणसाजवळ ब्रेक सोडण्याचे धाडस उरत नाही.

ढग सासवडच्या बाजूला सरकला. वारा २४० अंश, १२ नॉट झाला, पाऊस रिमझिम राहिला. नियंत्रकाला आम्ही पाण्याची स्थिती पुन्हा विचारली, आणि आमच्या आधी उतरलेल्या विमानाच्या वैमानिकाने ब्रेक चांगले लागल्याचे कळवले आहे असे उत्तर आले. या वेळी मी नाक पुरते सरळ होण्याची वाट पाहिली नाही. विमान टेकले, ठोक्यासरशी टेकले.

“स्पॉयलर्स. रिव्हर्स ग्रीन. डीसेल,” फर्स्ट ऑफिसरने एकापाठोपाठ एक सांगितले. डीसेल म्हणजे वेग खरोखर कमी होतो आहे. या तीन शब्दांतला शेवटचा ऐकेपर्यंत मी श्वास रोखला होता हे मला नंतर लक्षात आले.

नोंदींत टेकण्याची जागा ४३० मीटर निघाली आणि धक्का १.५ जी, म्हणजे तपासणी करण्याइतका नाही. प्रवासी उतरत असताना मी दाराशी उभा होतो. हातात ओली छत्री घेतलेले एक आजोबा थांबले, माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “अर्धा तास फिरवलंत, आणि शेवटी आपटलंतच की हो.” मी त्यांची माफी मागितली. मागे उभा असलेला फर्स्ट ऑफिसर लॉगबुकात मान घालून हसत होता.